खानदानी कोण? कॉलेज फुटबॉलच्या प्रतिष्ठेविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

ऑगस्ट संपत आला आणि अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा, म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन खेळायच्या तिकडच्या फुटबॉलचा, हंगाम तोंडावर आला, की एक मजकूर हमखास फिरू लागतो. मूळ तो इंग्रजीतला; पण गेल्या काही वर्षांत तो मराठीत उतरून तिकडच्या मराठी मंडळींच्या गटांतही येऊ लागला आहे, कारण ज्यांची मुले आता अमेरिकी विद्यापीठांत शिकतात त्या आईवडिलांना शनिवारच्या या वेडाचा उलगडा हवा असतो. मजकुराचा सारांश असा. ज्या संघांना तिकडे 'ब्लू ब्लड', म्हणजे आपल्या भाषेत खानदानी, म्हणतात, त्यांच्या खानदानीपणात गूढ काही नाही. राष्ट्रीय विजेतेपदे मोजावीत. ज्याची जास्त तो मोठा. ही विजेतेपदे थोर प्रशिक्षक मिळवून देतो आणि तो गेला की मोठेपणही जाते. आज तर सगळे काम पैसा आणि दूरचित्रवाणी करते; नोत्र दाम विद्यापीठाचे मोठेपण एनबीसी वाहिनीच्या करारानेच उभे केले. बँड, स्टेडियम, घोषणा, जुनी वैरे ही नुसती सजावट आहे. आणि खेळाडूंना उघड पैसे मिळू लागल्यापासून उरलीसुरली परंपराही संपली असून यापुढे ज्याची थैली मोठी त्याचीच प्रतिष्ठा.

हे पाचही मुद्दे निखालस खोटे असते तर उत्तर देण्याचे कारण नव्हते. प्रत्येकात थोडे सत्य आहे, आणि त्या थोड्या सत्याच्या जोरावरच संपूर्ण मजकूर पटतो. माझे म्हणणे एवढेच आहे की जिंकण्याने प्रतिष्ठेचा आरंभ होतो हे खरे असले, तरी ती टिकते ती लोकांनी त्या संघाची आपल्या घरात वहिवाट पाडल्यामुळे. आणि ती वहिवाट पडली आहे की नाही हे जिंकण्याच्या वर्षांत कळतच नाही, हरण्याच्या वर्षांत कळते.

विजेतेपदांपासून सुरुवात करू. मोजणाऱ्याची पहिली अडचण अशी की मोजायचे काय हेच नीट ठरलेले नाही. विद्यापीठांच्या खेळांवर देखरेख करणारी एनसीएए ही संस्था फुटबॉलच्या सर्वोच्च स्तरावर स्वतः विजेता जाहीर करीत नाही. 1936 पासून असोसिएटेड प्रेसचे पत्रकार मतदानाने क्रमवारी लावत आले, त्यांच्याशिवाय गणिती पद्धतीने क्रम लावणारे कितीतरी होऊन गेले, आणि चार संघांची बाद फेरी सुरू व्हायला 2014 चा हंगाम उजाडावा लागला. त्यामुळे कोणती विजेतेपदे आपल्या नावावर लावायची हे विद्यापीठे स्वतःच ठरवतात. अलाबामा विद्यापीठ अठरा सांगते. त्या अठरांत 1941 चे एक आहे. त्या वर्षी अलाबामाचा संघ दोन सामने हरला होता आणि पत्रकारांच्या क्रमवारीत विसावा होता. कोण्या एका गणिती पद्धतीने त्याला पहिला ठेवला होता, तेवढा आधार पुढे पुरला. सातबाऱ्यावर नाव चढवावे तसे ते विजेतेपद कित्येक दशकांनी मागाहून चढवले गेले.

त्याच 1941 मध्ये पत्रकारांनी पहिला ठरवलेला, एकही सामना न हरलेला संघ होता मिनेसोटाचा. बर्नी बायरमन या प्रशिक्षकाच्या हाताखाली मिनेसोटाने 1934, 1935, 1936, 1940 आणि 1941 अशी आठ हंगामांत पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि 1960 मध्ये त्यांत आणखी एकाची भर घातली. आज मिनेसोटाबाहेरच्या कोणत्याही चाहत्याला खानदानी संघांची नावे विचारून पाहावीत. दहा नावे होतील, त्यांत अलाबामा असेल, मिनेसोटा नसेल. विजेतेपदे हाच निकष असता तर एवढी मोठी पुंजी अशी विरून गेली नसती.

ती का विरली, हे पाहण्यासारखे आहे. 1961 मध्ये मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत व्हायकिंग्ज हा व्यावसायिक फुटबॉल संघ आणि ट्विन्स हा बेसबॉल संघ, असे दोघेही एकाच वर्षी दाखल झाले, आणि विद्यापीठाच्या संघाकडे एकवटलेले लक्ष वाटले गेले. मग 1982 मध्ये विद्यापीठाने आवारातले विटांचे मेमोरियल स्टेडियम सोडून शहरातल्या मेट्रोडोम या छताखालच्या क्रीडागारात बिऱ्हाड हलवले, जेथे खरे यजमान ते दोन व्यावसायिक संघ होते. जुने स्टेडियम 1992 मध्ये पाडले गेले. संघ आवारात परतला तो 2009 मध्ये. सत्तावीस वर्षे म्हणजे एक अख्खी पिढी. त्या पिढीतल्या बापाला आपल्या मुलाला हात धरून नेऊन 'तुझे आजोबा इथे बसत' असे दाखवायला जागाच उरली नव्हती.

उलट बाजूने टेक्सस ए अँड एम या विद्यापीठाचा संघ पाहा. त्यांचे शेवटचे राष्ट्रीय विजेतेपद 1939 चे आहे. फिरणाऱ्या मजकुराच्या हिशेबाने हे गाव कधीच ओस पडायला हवे होते. प्रत्यक्षात कॉलेज स्टेशन या गावातल्या काइल फील्डवर आजही एक लाखाहून अधिक माणसे जमतात आणि विद्यार्थी सबंध सामनाभर उभे राहतात. उभे का राहतात, तर 2 जानेवारी 1922 रोजी डॅलसमध्ये सेंटर कॉलेजविरुद्ध खेळताना ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जायबंदी होत होते, तेव्हा प्रशिक्षक डेना बायबल यांनी वर पत्रकारकक्षात बसलेल्या ई. किंग गिल या विद्यार्थ्याला खाली बोलावले. गिलने जखमी खेळाडूचा गणवेश चढवला आणि तो सीमारेषेवर तयारीत उभा राहिला. त्याला मैदानात उतरावे लागलेच नाही. ए अँड एमने तो सामना 22-14 असा जिंकला. एक विद्यार्थी खेळलाच नाही, नुसता उभा राहिला, आणि शंभर वर्षांनंतरही हजारो विद्यार्थी त्याच्या नावाने उभे राहतात. हे कोणत्याही विजेतेपदांच्या तक्त्यात मावणारे नाही.

याचा अर्थ जिंकण्याला मोल नाही असा नव्हे. कधीच न जिंकलेला खानदानी संघ मला माहीत नाही. परंतु कोणता विजय लोकांच्या मनात रुजतो, हा प्रश्न फिरणाऱ्या मजकुराने विचारलेलाच नाही. नोत्र दाम हे इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडचे एक कॅथलिक विद्यापीठ. शेजारच्या मोठ्या विद्यापीठांच्या परिषदेने, म्हणजे दरवर्षी आपसांत सामने खेळणाऱ्या गटाने, त्याला सदस्यत्व नाकारले होते, म्हणून सामने मिळवण्यासाठी या संघाला देशभर भटकावे लागले. 1 नोव्हेंबर 1913 रोजी हा फारसा कोणाला ठाऊक नसलेला संघ वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत गेला आणि गस डोरेसने नूट रॉकनीकडे फेकलेल्या लांबलांब पासांच्या जोरावर लष्कराच्या संघाला 35-13 असे हरवून आला. पुढे रॉकनी तेथेच प्रशिक्षक झाला. 1924 च्या मे महिन्यात कॅथलिकांचा द्वेष करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनचे लोक साउथ बेंडमध्ये जमले आणि विद्यार्थ्यांशी त्यांची रस्त्यावर झटापट झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात संघाने न्यूयॉर्कमध्ये लष्कराला 13-7 असे नमवले आणि त्या हंगामात तो अजिंक्य राहिला. न्यूयॉर्कमधल्या आयरिश, इटालियन, पोलिश कामगारांना, ज्यांनी विद्यापीठाची पायरी सोडाच, इंडियानाही पाहिलेले नव्हते, तो संघ आपला वाटू लागला. भुयारी रेल्वेने सामन्याला येणाऱ्या या लोकांना 'सबवे ॲलम्नाय', म्हणजे भुयारी रेल्वेचे माजी विद्यार्थी, असे नाव पडले. नोत्र दामने 1988 नंतर एकही राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेले नाही. 2013 च्या जानेवारीत अंतिम सामन्यात अलाबामाने त्यांचा 42-14 असा धुव्वा उडवला, 2025 च्या जानेवारीत ओहायो स्टेटकडून ते 34-23 असे हरले. तरी खानदानी संघांच्या यादीतून त्यांचे नाव काढायला कोणी धजावत नाही, कारण त्या यादीत ते विजेतेपदांच्या बळावर बसलेलेच नव्हते.

अलाबामाची गोष्ट वेगळ्या भूमीवरची, पण घडण तीच. 1 जानेवारी 1926 रोजी पॅसाडीनाच्या रोझ बोल या हंगामानंतरच्या मानाच्या सामन्यात त्यांनी वॉशिंग्टनला 20-19 असे एका गुणाने हरवले. यादवी युद्धातला पराभव आणि नंतरचे दारिद्र्य उराशी बाळगणाऱ्या दक्षिणेला, उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या नाकावर टिच्चून मिळवलेला हा विजय स्वतःचा वाटला. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण अभिमानाची वर्णने करताना ती सोयीस्करपणे गाळली जाते: ही 'दक्षिण' फक्त गोऱ्यांची होती. अलाबामाच्या संघातून कृष्णवर्णीय खेळाडू प्रत्यक्ष मैदानात उतरला तो 1971 मध्ये. तोपर्यंत दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची प्रतिष्ठेची दुसरी ठिकाणे होती आणि त्यांत लुईझियानाचे ग्रॅम्बलिंग विद्यापीठ सर्वांत पुढे होते. एडी रॉबिन्सन हे तेथे 1941 मध्ये प्रशिक्षक झाले आणि 1997 मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर 408 विजय होते. न्यू ऑर्लीन्सला सदर्न विद्यापीठाविरुद्ध होणाऱ्या ग्रॅम्बलिंगच्या वार्षिक सामन्यात मध्यंतराला दोन्ही बँड उतरतात, तेव्हा प्रेक्षक खाण्यापिण्यासाठी बाहेर जात नाहीत. कित्येक जण त्यासाठीच आलेले असतात. ज्याला बँड ही सजावट वाटते त्याने हा सामना एकदा पाहावा.

प्रशिक्षकाचा मुद्दा अधिक पटण्याजोगा आहे, म्हणून तो सावधपणे तपासला पाहिजे. अलाबामाचे बेअर ब्रायंट 1958 ते 1982 पर्यंत प्रशिक्षक होते आणि त्यांनी सहा विजेतेपदे मिळवून दिली. शेवटच्या सामन्यानंतर महिन्याभराच्या आतच, 26 जानेवारी 1983 रोजी, ते वारले. त्यानंतरच्या चोवीस वर्षांत प्रशिक्षक आले आणि गेले, विजेतेपद 1992 चे एकच आले, शिक्षा झाल्या, बदनामी झाली. मजकुराचे म्हणणे खरे असते तर 2007 पर्यंत टस्कलूसामध्ये, म्हणजे अलाबामा विद्यापीठाच्या गावात, राखेखेरीज काही उरायला नको होते. त्या वर्षी निक सेबन आले. 21 एप्रिल 2007 रोजी संघाचा वसंतातला सराव सामना होता, म्हणजे आपल्याच खेळाडूंचे दोन गट पाडून आपसांत खेळायचा, ज्याचा निकाल कुठेही नोंदला जात नाही असा सामना. त्याला 92,138 माणसे आली. सेबन यांनी अलाबामासाठी तोपर्यंत एकही सामना जिंकलेला नव्हता. त्यांनी पुढे तेथे सहा विजेतेपदे मिळवली हे सर्वांना ठाऊक आहे. पण एप्रिलच्या त्या दुपारी भरलेले स्टेडियम त्यांनी भरलेले नव्हते. त्यात प्रशिक्षकाबद्दलची आशा होती हे मान्य, तथापि चोवीस वर्षे जवळजवळ उपाशी राहिलेली आशा इतकी मोठी असू शकते ती ज्या घराण्यात भूक वारशाने मिळते तेथेच.

याच मुद्द्यावर शिकागो विद्यापीठाचे उदाहरण माझ्या विरुद्ध दिले जाते. ॲमॉस अलॉन्झो स्टॅग यांनी 1892 पासून एक्केचाळीस वर्षे तेथे संघ घडवला आणि बिग टेन परिषदेची सात विजेतेपदे मिळवली. 1935 मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन चषक पहिल्यांदा दिला गेला तोही शिकागोच्याच जे बर्वँगरला. स्टॅग गेल्यानंतर सातव्या हंगामात, 1939 मध्ये, संघ मिशिगनकडून 85-0 असा हरला आणि वर्षाअखेरीस फुटबॉलच बंद झाला. मग प्रशिक्षक गेला म्हणून प्रतिष्ठा गेली, असेच नाही का? नाही. शिकागोत फुटबॉल प्रशिक्षकाच्या जाण्याने मेला नाही; विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांना तो विद्यापीठाच्या प्रयोजनाशी विसंगत वाटला आणि त्यांनी तो विचारपूर्वक बंद केला. संस्थेने हात काढून घेतला. तीन वर्षांनी, 2 डिसेंबर 1942 रोजी, त्याच संघाच्या स्टॅग फील्ड या मैदानाच्या पश्चिमेकडच्या बैठकींखाली अणुभंजनाची पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया घडवून आणली गेली, तेव्हा वर प्रेक्षक बसण्याचा प्रश्नच उरला नव्हता. शिकागोने दुसऱ्या प्रकारची प्रतिष्ठा निवडली, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु त्यातून सिद्ध होते ते संस्थेच्या इच्छेचे महत्त्व, प्रशिक्षकाचे नव्हे.

आता पैसा. नोत्र दामचे मोठेपण एनबीसी वाहिनीच्या कराराने उभे केले, असे मजकूर सांगतो. तो करार 1991 च्या हंगामापासून सुरू झाला. रॉकनी 1931 मध्ये विमान अपघातात वारला होता. साठ वर्षे नंतर आलेली गोष्ट कारण कशी ठरेल? वाहिनीने करार केला तो सबवे ॲलम्नायची नातवंडे दूरचित्रवाणीसमोर बसतील हे ओळखून. शिवाय 1984 पर्यंत कोणता सामना दाखवायचा आणि एका संघाला किती वेळा दाखवायचे हे एनसीएए ठरवीत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ही विद्यापीठे त्याविरुद्ध न्यायालयात गेली आणि 27 जून 1984 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी ती मक्तेदारी मोडली. आज ज्यांना आपण खानदानी म्हणतो ते जवळजवळ सगळे त्या निकालापूर्वीच खानदानी झालेले होते.

पैशाने काय विकत मिळते हे पाहायचे तर ऑरेगनइतके चांगले उदाहरण नाही. नाइकीचे संस्थापक फिल नाइट हे तेथले माजी विद्यार्थी. 1996 च्या जानेवारीत कॉटन बोलमध्ये कोलोरॅडोकडून संघ 38-6 असा हरल्यानंतर त्यांनी या संघासाठी हात सैल सोडला. दर आठवड्याला नवा गणवेश, डोळे दिपवणाऱ्या इमारती, 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवर क्वार्टरबॅकचे, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूचे, प्रचंड भित्तिचित्र, हे सर्व झाले. तरुण खेळाडू आकृष्ट झाले, संघ 2010 आणि 2014 च्या हंगामांत अंतिम सामन्यापर्यंत गेला. पण ऑरेगनच्या ऑट्झन स्टेडियममध्ये सामना सुरू होण्यापूर्वी मोठ्या पडद्यावर शेवटी कोणते दृश्य दाखवतात? 22 ऑक्टोबर 1994 रोजी वॉशिंग्टनविरुद्ध केनी व्हीटनने पास मध्येच झेलून 97 यार्ड मारलेली धाव. नाइट यांचा पैसा येण्याच्या आधीची. इतक्या कोट्यवधी डॉलरांनंतरही प्रेक्षकाच्या अंगावर काटा आणण्यासाठी ऑरेगनला त्या एका फुकटच्या धावेकडे परतावे लागते. (या एका गोष्टीसाठी मला ऑरेगनवाले मनापासून आवडतात, आपल्या घरात खरे सोने कोणते हे त्यांना नेमके कळते.)

उलट, पैशाने प्रतिष्ठा घालवल्याचेही दाखले आहेत. ऐंशीच्या दशकात डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचे धनिक पाठीराखे खेळाडूंना लपवून पैसे देत असत. 1982 मध्ये संघ एकही सामना हरला नाही. 1987 मध्ये एनसीएएने त्यांचा सबंध हंगाम रद्द केला, पुढचा विद्यापीठाने स्वतःच सोडला, आणि 1989 मध्ये परतलेल्या पोरसवदा संघाला ह्यूस्टनने 95-21 असे हरवले. त्या जखमेतून सावरायला दशके लागली.

सजावटीच्या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तो मला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक आहे. नेब्रास्का आणि मायामी या दोन्ही संघांची विजेतेपदे पाच-पाच. दोघांचेही शेवटचे विजेतेपद या शतकाच्या उंबरठ्यावरचे, नेब्रास्काचे 1997 चे आणि मायामीचे 2001 चे, आणि त्यानंतर दोघांवरही साडेसाती आली. मायामीचा संघ शहरातल्या जुन्या ऑरेंज बोलमध्ये खेळत असे. ते 2008 मध्ये पाडले गेले आणि संघ आवारापासून दूर उत्तरेला, व्यावसायिक संघाच्या स्टेडियममध्ये गेला. पडत्या वर्षांत तेथे खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा मोकळ्या दिसत. मायामीचे नाव पुसले गेले असे मी म्हणणार नाही. ऐंशीच्या दशकातल्या त्यांच्या उर्मट, आनंदी खेळाने त्या शहरातल्या मुलांच्या मनावर उमटवलेला ठसा आजही आहे. मात्र ठसा वेगळा आणि वहिवाट वेगळी.

नेब्रास्कातल्या लिंकनचे मेमोरियल स्टेडियम 1923 चे, पहिल्या महायुद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेले. त्याच्या एका कोपऱ्यावर हार्टली बर अलेक्झांडर या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांचे शब्द कोरलेले आहेत; त्यांचा आशय असा की महत्त्व विजयाला नाही, कृतीला आहे, आणि कीर्ती त्या कृतीतच आहे. 3 नोव्हेंबर 1962 पासून तेथल्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटे विकली गेली आहेत आणि ही साखळी 2024 मध्ये चारशेच्या पुढे गेली. ती आपोआप टिकली असे मात्र नाही. पडत्या वर्षांत शिल्लक तिकिटे देणगीदारांनी विकत घेऊन गरजू मुलांना दिली. कोणी म्हणेल ही लबाडी झाली. मला ती घराण्याची अब्रू राखण्याची धडपड वाटते. राज्यात एकही मोठा व्यावसायिक संघ नाही, आणि सामन्याच्या दिवशी हे स्टेडियम लोकसंख्येने ओमाहा आणि लिंकन यांच्या खालोखालचे, राज्यातले तिसरे शहर होते.

2018 च्या शरदात मी लिंकनमध्ये शिकत होतो. 1997 च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक स्कॉट फ्रॉस्ट प्रशिक्षक म्हणून घरी परतला होता आणि पहिले सहाच्या सहा सामने हरला होता. नेब्रास्काच्या इतिहासात इतकी वाईट सुरुवात कधी झाली नव्हती. 20 ऑक्टोबरला मिनेसोटाशी सामना होता. माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी जोडपे बसले होते, आणि त्या दोन जागा आजोबांच्या वडिलांनी साठच्या दशकात घेतलेल्या होत्या. आजींनी कागदात गुंडाळलेला रन्झा, म्हणजे कोबी आणि खिमा भरलेला तिकडचा पाव, अर्धा मोडून न विचारता माझ्या हातात ठेवला. पहिला टचडाउन होईपर्यंत, म्हणजे चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे जाईपर्यंत, मुलांनी लाल फुगे हातात घट्ट धरले होते, आणि तो झाल्याबरोबर हजारो फुगे एकदम आभाळात गेले. (ही प्रथा पुढे 2022 मध्ये हेलियमच्या टंचाईमुळे बंद पडली.) नेब्रास्काने सामना 53-28 असा जिंकला. संपल्यावर पाहुणा संघ बोगद्याकडे निघाला तेव्हा त्या कोपऱ्यातल्या प्रेक्षकांनी उभे राहून त्यांना टाळ्या दिल्या. जिंकल्याच्या आनंदातला हा मोठेपणा असावा असे मला वाटले, आणि मी तसे बोललोही. आजोबा म्हणाले, ''तीन आठवड्यांपूर्वी पर्ड्यूकडून हरलो, तेव्हाही दिल्या होत्या.''

याच घराण्याचा सर्वांत मानाचा क्षण एका पराभवाचा आहे. 2 जानेवारी 1984 रोजी ऑरेंज बोलमध्ये, त्या हंगामात एकही सामना न हरलेला नेब्रास्काचा संघ मायामीविरुद्ध शेवटच्या मिनिटात टचडाउन करून 30-31 असा एकाच गुणाने मागे राहिला. त्या काळी जादा वेळ नसे. टचडाउननंतर मिळणारी साधी किक मारून एक गुण घेतला असता तर सामना बरोबरीत सुटला असता आणि विजेतेपद बहुधा नेब्रास्कालाच मिळाले असते. प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न यांनी दोन गुणांसाठी, म्हणजे विजयासाठी, प्रयत्न केला. पास हाताला लागून खाली पडला. विजेतेपद मायामीला गेले. नेब्रास्कात आजही हा निर्णय सांगताना लोकांची मान ताठ असते, आणि त्याच ऑस्बर्न यांना त्यांनी पुढे तीनदा अमेरिकी काँग्रेसमध्ये निवडून दिले. विजेतेपदे मोजणाऱ्याच्या हिशेबात त्या रात्रीची नोंद शून्य अशी होते.

राहिला शेवटचा मुद्दा. 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करण्याची मुभा मिळाली, 2025 पासून विद्यापीठे त्यांना थेट, वर्षाला सुमारे 2 कोटी डॉलरपर्यंत, वाटा देऊ लागली, आणि खेळाडू दरवर्षी संघ बदलू लागले. यामुळे निष्ठा संपली म्हणणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते की विद्यार्थी खेळाडू पूर्वीही चार वर्षांत निघूनच जात असे. चाहत्याचे नाते अंगरख्याशी होते, तो घालणाऱ्याशी फार थोडे. ज्यांच्या घामावर सगळ्यांनी कमावले त्यांना उशिरा का होईना पैसे मिळाले, यात मला तरी काही वावगे दिसत नाही.

मात्र या मुद्द्यात दडलेली भीती मला मान्य आहे. फक्त बोट चुकीच्या जागी ठेवले आहे. धोका आहे तो दूरचित्रवाणीच्या करारांपायी परिषदा मोडल्या जाण्यात. नेब्रास्का 2011 मध्ये बिग टेनमध्ये गेले आणि ओक्लाहोमाशी असलेले त्याचे पिढीजात वैर मागे पडले. 2024 मध्ये ऑरेगन, वॉशिंग्टन आणि इतर निघून गेले तेव्हा पॅसिफिक किनाऱ्यावरची शतकाहून जुनी परिषद कोसळली आणि त्यात वॉशिंग्टन स्टेट व ऑरेगन स्टेट उघड्यावर पडले. वॉशिंग्टन स्टेटचे चाहते 2003 पासून ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्या शनिवार सकाळच्या कार्यक्रमात, तो देशात कोठेही असो, आपला ध्वज नेऊन फडकवत आले आहेत. त्या निष्ठेचा करारात भाव लागला नाही. शेजाऱ्याशी दरवर्षी भांडण्याची सोय गेली की वहिवाट खरोखरच मोडू शकते, आणि ती मोडली तर कोणतीही थैली ती परत आणू शकणार नाही.

तरीही ती किती चिवट असते याचा दाखला टेक्सस ए अँड एमनेच दिला. 2011 च्या नोव्हेंबरात त्यांचा टेक्सस विद्यापीठाशी शेवटचा सामना झाला आणि परिषद बदलल्यामुळे पुढची बारा वर्षे दोघे समोरासमोर आलेच नाहीत. पण ए अँड एमचे रणगीत आहे टेक्ससविरुद्धचेच. त्याच्या शेवटी सगळे स्टेडियम एकमेकांच्या खांद्यांत हात गुंफून, टेक्ससच्या बोधचिन्हातल्या बैलाची शिंगे करवतीने कापल्यासारखे डावीकडे-उजवीकडे डोलते. ती सगळी वर्षे ते दुसऱ्याच संघांसमोर, गैरहजर शत्रूची शिंगे कापत डोलत राहिले. 30 नोव्हेंबर 2024 रोजी टेक्ससचा संघ काइल फील्डवर परत आला आणि 17-7 असा जिंकून गेला. त्या दिवशी उभे असलेले बहुतेक विद्यार्थी मागच्या सामन्याच्या वेळी प्राथमिक शाळेत होते, आणि त्यांना ते गीत तोंडपाठ होते.